उरलेला रंग गिऱ्हाइकाचा

केप कोस्टच्या कोटोकुराबा बाजारामागच्या गल्लीत माझी केंकीची चूल आहे, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे पानात बांधून मी उकडते, आणि समोर मास्टर कोबिनाचं पाट्या रंगवायचं दुकान. मधे फक्त गटार. इतकी वर्षं आम्ही त्या गटाराच्या दोन काठांवरून भांडलो, की भांडण झालं नाही तर मला दिवस उजाडल्यासारखा वाटायचा नाही. त्याला माझी केंकी आंबट लागायची, मला त्याच्या पाट्यांवरच्या बायकांच्या माना लांब दिसायच्या. "बाई आहे की जिराफ?" असं मी ओरडले, की तो ब्रश रोखून म्हणायचा, "तुझी मान आखूड आहे म्हणून तुला सगळ्यांच्या लांब दिसतात." आता तो भांडत नाही. मी काहीही बोलले तरी "बरोबर आहे तुझं, एकुवा" म्हणतो आणि आत जातो. माझी तर तळपायाची आग मस्तकात जाते. माणसाने एवढ्या पटकन हार मानू नये.

लोक मला विचारतात, मास्टरला काय झालंय, तब्येत बरी नाही का? तब्येतीला काय धाड भरलीय! झालंय ते वेगळंच. ते मी सांगते, कारण तो स्वतः सांगणार नाही, आणि गल्लीतले लोक सांगतात ते अर्धं खोटं असतं.

कोबिना एसिल्फी मूळचा एल्मिनाचा. तिथे एका म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या हाताखाली तो होड्या रंगवायला शिकला. मासे, तारे, झेंडे, डोळे. मग इथे केप कोस्टला येऊन त्याने पाट्या धरल्या. न्हाव्याच्या पाटीवर ओळीने डोकी, प्रत्येकाचे केस वेगळ्या तऱ्हेने कापलेले. शिवणवालीच्या पाटीवर कंबरेवर हात ठेवून उभी बाई. पंक्चरवाल्याच्या पाटीवर टायर असा, की पोरं हात लावून बघायची. बाजारात ज्याची पाटी मास्टरने रंगवलेली नाही, त्याचा धंदा नवा आहे असं आम्ही समजायचो.

त्या म्हाताऱ्याकडून त्याने एक रीत आणली होती. पाटी पुरी झाली, की कालवलेल्यातला उरलेला रंग तो लहान लहान डब्यांत भरायचा, झाकणं ठोकून घट्ट करायचा आणि गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. "हा तुझ्या पाटीसाठी कालवला होता, तुझाच आहे. यात तुझं नशीब आहे. उद्या मी हाच रंग दुसऱ्याच्या पाटीवर फासला, तर तुझी गिऱ्हाइकं त्याच्या दारात जातील." एल्मिनाकडचे जुने रंगारी सगळे हे पाळायचे. उरलेला रंग स्वतःकडे ठेवणारा रंगारी म्हणजे कापड मारणारा शिंपी, अशी त्यांच्यात समजूत. हातचं राखणं कोबिनाला ठाऊकच नव्हतं.

"अरे वेड्या, त्या रंगात अजून अर्धी पाटी होईल," मी म्हणायचे.

"तू केंकीचं पान परत मागून घेतेस का गिऱ्हाइकाकडून?" तो म्हणायचा.

बायको लवकर गेली त्याची. मागे मुलगी एकच, अराबा. बापलेक दोघं मंगळवारी जन्मलेले, आणि मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर कुणी जाळं टाकत नाही, म्हणून मी त्यांना सुट्टीवाले म्हणायचे. आता काळे आम्ही सगळेच. पण अराबा म्हणजे काळीभोर, उन्हात उभी राहिली की निळसर झाक मारणारी. शाळेतल्या पोरी छळायच्या तिला. "अराबा, वीज गेली की दात दाखव गं, म्हणजे कळेल तू कुठे आहेस." पोर डोळे सुजवून घरी यायची. मग हा तिला स्टुलावर बसवायचा आणि रंग कालवायला घ्यायचा. काळा, त्यात तपकिरी, थेंबभर निळा, किंचित लाल. फळकुटावर फासून तिच्या गालाशी धरायचा. जमायचा नाही. परत कालवायचा.

"बघ," म्हणायचा, "पांढरा रंग डबा उघडला की तयार. तुझ्यासाठी मात्र बापाला घाम गाळावा लागतो. महागाची आहेस तू."

पोर नाक पुसत हसायची. तो रंग त्याला कधी तंतोतंत साधला नाही, पण तिचं रडू थांबायचं.

पुढे गावात फ्लेक्स छापायची मशीनं आली. सकाळी सांगितलं की दुपारी मशीनमधून चादरीसारखी पाटी बाहेर. न्हाव्याने मास्टरची पाटी काढून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली आणि दुकानावर कुठल्याशा परदेशी नटाचा फोटो लावला. एकामागून एक सगळे गेले. मास्टर दारात बसून ब्रश धुवायचा. धुतलेलेच परत धुवायचा. मला ते बघवत नसे, म्हणून मी आणखी भांडायचे.

अराबा तेव्हा तांत्रिक महाविद्यालयात कॉम्प्युटरवरची चित्रकला शिकत होती. वेष्टनावरची, बाटल्यांवरची, जाहिरातीतली चित्रं. एके दिवशी ती कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन गल्लीत आली आणि बापाच्या, तिच्या एग्याच्या, टेबलावर ठेवला.

"एग्या, उद्यापासून शाळा."

"कुणाची?"

"तुमची."

"बापाला शिकवणार तू?"

"तुम्ही मला चालायला शिकवलंत तेव्हा मी असं विचारलं होतं का?"

अख्खी गल्ली गोळा झाली पहिल्या दिवशी. मास्टरने माऊस उचलला आणि काय केलं असेल? ब्रश झटकतात तसा टेबलाच्या कडेवर झटकला! आम्ही पोट धरधरून हसलो. मग दोन रेघा काढल्या की हा उठायचा, पार गटारापर्यंत मागे जायचा, एक डोळा मिटून बघायचा, कारण पाटी लांबून बघायची सवय. अराबा म्हणायची, "एग्या, हे चित्र तेलाच्या बाटलीवर जाणार आहे, रस्त्यापलीकडे नाही." चुकलेली रेघ एका बटणासरशी नाहीशी होते हे त्याला मुळीच पटेना. "ही लबाडी आहे," म्हणायचा. "चुकलं तर त्यावरून रंगवायचं, निस्तरायचं. पुसून कसं टाकायचं?" म्हणून तो चुकलेल्या रेघेवर दुसरी रेघ काढायचा, तिच्यावर तिसरी, आणि सगळा गुंता व्हायचा.

या सॉफ्टवेअरमध्ये म्हणे रेघ ओढायचीच नसते. ठिपके ठेवायचे, आणि ठिपक्याला दोन शेपट्या असतात त्या खेचून रेघ वळवायची. ज्याचा हात आयुष्यभर एका झोकात ओठ काढत आला, तो ठिपके मांडत बसला. मला तर दया आली. एकदा त्याने एक चेहरा इतका मोठा करून घेतला, की पडद्यावर फक्त पापणी दिसत होती. त्या पापणीचा एकेक केस त्याने दिवसभर बसून काढला. छापून आलं तेव्हा चित्र आगपेटीएवढं. पापणी कुठाय म्हणून तो भिंग घेऊन शोधत होता. आणि वीज जायची ती वेगळीच. आमच्याकडे वीज काही सांगून जात नाही. काम साठवून ठेवायला हा विसरायचा, आणि मग त्या काळ्या पडद्याकडे असा बघायचा, जणू कुणी त्याच्या हातातून ताट ओढून घेतलंय.

पण एक गोष्ट त्याला चटकन समजली. अराबाने सांगितलं, "समजा एकावर एक काचा ठेवल्यात. एकीवर अंगाचा रंग, एकीवर डोळे, एकीवर ओठ, एकीवर हात. वरून बघितलं की एकच चित्र."

"मग यात नवीन काय? आम्हीही आधी पाटीची जमीन भरतो, मग अंग, मग कपडे, शेवटी उजेड."

"हो, पण तुमचा खालचा थर वाळला की वाळला. इथे कुठलीही काच कधीही बदलता येते. कुणालाही. म्हणून ही काचांची फाइल आपल्याकडे ठेवायची, एग्या. गिऱ्हाइकाला द्यायचं ते सगळ्या काचा चिकटवून सपाट केलेलं चित्र. लक्षात ठेवा हं."

"ठेवतो."

खरंच ठेवलं असतं तर!

हळूहळू त्याला जमायला लागलं. शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरणीवरचं माकड त्याचंच. गारीच्या, म्हणजे कसाव्याच्या भाजक्या रव्याच्या, पुड्यावरची टोपली डोक्यावर घेतलेली बाई त्याचीच, आणि मान लांब, म्हणजे मी लगेच ओळखली. माणूस परत ताठ चालायला लागला. परत माझ्या केंकीला नावं ठेवायला लागला. मला किती बरं वाटलं ते मी त्याला सांगितलं नाही, सांगायचं नसतं.

मग मॅडम बेंत्सिवा आली. बाई सज्जन, घरच्या घरी नारळाचं तेल काढायची आणि आता बाटल्या भरून मोठा धंदा करणार होती. तिला बाटलीवर हसऱ्या मुलीचा चेहरा हवा होता. "खरी मुलगी वाटली पाहिजे, मास्टर. आपल्याकडची. तजेलदार."

मास्टरने दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही. अराबाला समोर बसवलं. नाक, कान, गालावरची खळी सगळं ठिपक्याठिपक्याने उतरवलं. मग रंगाला हात घातला. त्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाच्या पट्ट्या असतात, इकडे तिकडे सरकवायच्या. दिवसचे दिवस तो त्या सरकवत बसला. पोरीला उन्हात उभी करायचा, सावलीत उभी करायचा, धावत आत जाऊन पट्टी केसभर सरकवायचा. आणि एका दुपारी तो आतून ओरडत आला, गटार ओलांडून थेट माझ्या चुलीपाशी. "सापडला! एकुवा, सापडला!"

मी म्हटलं चोर सापडला. आत जाऊन बघते तर पडद्यावर अराबा. अगदी तीच. तोच निळसर काळा, ज्यासाठी त्याने तिच्या लहानपणापासून डबेच्या डबे कालवले होते. अराबा दारात उभी होती. पडद्याजवळ जाऊन तिने आपला गाल चित्राच्या गालाशेजारी नेला आणि आमच्याकडे बघितलं. मास्टर लहान पोरासारखा रडला. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

मॅडम चित्र न्यायला आली त्या दिवशी अराबा कॉलेजात होती. सकाळी निघताना बजावून गेली होती, "सपाट चित्र द्या, काचा घरी." मॅडम माझ्याकडेच बाकावर मासा-केंकी खात होती. मास्टर आला. हातात रंगाचा लहान डबा, घासूनपुसून लख्ख केलेला. झाकण उघडून दाखवलं, आत पेनड्राइव्ह.

"यात तुमचं चित्र आहे, मॅडम. आणि काचाही सगळ्या आहेत. डोळ्यांची, ओठांची, अंगाची."

"काचा? मला काय करायच्यात?"

"तुमच्याच आहेत. तुमच्या कामासाठी कालवल्या. मी ठेवून घेतल्या तर मला झोप लागायची नाही."

आणि त्याने झाकण ठोकून घट्ट बसवलं. मी बघत होते. मला त्यात वावगं काही दिसलं नाही, उलट म्हटलं, हा बाबा कॉम्प्युटर शिकला तरी आपली रीत विसरला नाही. काचांचं काय ते मला काय कळणार.

ते तेल खूप चाललं. दुकानादुकानात अराबा. बसच्या थांब्यावर अराबा. बायका बाजारात तिला अडवून म्हणायच्या, "ए तेलवाली, तुझ्यासारखी कातडी कशाने होते?" आणि ही, जी लहानपणी भिंतीकडे तोंड करून बसायची, ती मान वर करून म्हणायची, "माझ्या बापाला विचारा, त्यानेच कालवलीय." शिक्षण संपलं आणि तिला ताकोराडीला मुलींच्या शाळेत चित्रकलेची नोकरी लागली. तिथल्या मुली म्हणे तेलाच्या बाटल्यांवर तिची सही घ्यायच्या. मास्टर हे सगळ्यांना सांगत सुटायचा. मी म्हणायचे, "पुरे झालं, फुगा फुटेल." तो म्हणायचा, "फुटू दे, आनंदाने फुटेन."

पुढे मॅडम बेंत्सिवाला तिच्या लेकीने परदेशी बोलावून घेतलं. जाताना तिने सगळा धंदा कुमासीच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकला. घाणी, बाटल्या, नाव, आणि तो पेनड्राइव्हचा डबाही. त्या माणसाला तेलात रस नव्हता. तो गोरं करणाऱ्या क्रीमचा धंदा करायचा.

क्रीमची डबी पहिल्यांदा मीच बघितली. डोक्यावर टोपली घेऊन फिरणारी एक विक्रेती माझ्याकडे पाणी प्यायला थांबली, टोपली खाली ठेवली, आणि मी वरचीच एक डबी उचलली. डबीवर अराबा होती. एक नाही, दोन. डावीकडे आमची काळी अराबा, पण तिचे ओठ खाली वाकवलेले, भुवया पडलेल्या, बिचारीचं घरातलं कुणी मेल्यासारखी. मधे बाण. उजवीकडे तीच अराबा, तेच नाक, तीच खळी, गव्हाच्या पिठासारखी गोरी. आणि हसणारी. म्हणजे मेल्यांनी काय केलं, काळीच्या तोंडावरचं हसू काढून घेतलं आणि गोरीला दिलं!

मी त्या विक्रेतीच्या अंगावर धावले. ती बिचारी म्हणाली, "आंटी, मी काय केलं? मी तर विकते." तिचंही खरंच होतं. मी डबी विकत घेतली आणि अंगावरच्या कापडाखाली लपवली. मास्टरला दाखवायची नाही असं ठरवलं होतं. पण माझ्या पोटात काही राहतं का? माझं तोंड बघूनच तो गटार ओलांडून आला.

त्याने डबी उजेडात धरली. आधी रंगाऱ्याच्याच नजरेने बघितलं. "डोळ्यांची काच तशीच ठेवलीय," म्हणाला. "ओठांचे ठिपके ओढलेत. भुवयांचेही. अंगाच्या काचेवर नुसती पट्टी सरकवलीय. एवढंच." बोटाने दाखवत होता मला, जणू मी शिकायला आलेय. मग ते बोट थांबलं आणि तो तिथेच ओल्या जमिनीवर बसला.

तो कुमासीला गेला. त्या व्यापाऱ्याला भेटला. परत आल्यावर त्याने मला सांगितलं ते असं.

"ती माझी मुलगी आहे," मास्टर त्याला म्हणाला.

"असेल. चित्र माझं आहे, मी धंद्यासकट घेतलंय."

"काळीला रडवलंत कशाला?"

"काळी हसायला लागली तर क्रीम घेईल कोण, मास्टर? तुम्ही बोर्ड रंगवलेत, तुम्हाला माहीत नाही का?" आणि मग त्या माणसाने त्याची पाठ थोपटली. "काम मात्र फार सुबक तुमचं. सगळं सुटं सुटं ठेवलं होतंत. आमच्या पोराला काही कष्टच पडले नाहीत. आणखी दोन-तीन तोंडं काढून द्याल का?"

"तू त्याला हाणलं नाहीस?" मी विचारलं.

"कशाबद्दल हाणू? त्याने चोरलं नाही, एकुवा. मी झाकण लावून दिलं."

अराबा पुढच्या शनिवारी बसने आली. शाळेतल्या मुलींनी तिच्या टेबलावर डबी आणून ठेवली होती. "मॅडम, यातल्या तुम्ही कुठल्या?" सह्या घेणाऱ्या याच मुली. ती आत गेली, मास्टर स्टुलावर बसला होता. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"एग्या, काचा दिल्या होत्या तुम्ही?"

"दिल्या होत्या."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"मग का दिल्यात?"

"उरलेला रंग गिऱ्हाइकाचा असतो, पोरी."

"तो रंग नव्हता, एग्या. ती मी होते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हे शांतपणे म्हणाली आणि निघाली. मी पानात गरम केंकी बांधून मागे धावले. "आंटी, भूक नाही हो," म्हणाली आणि बसमध्ये चढली. त्यानंतर बरेच महिने ती आलीच नाही. फोन यायचा, तब्येत विचारायची, ठेवायची. मास्टरने कॉम्प्युटरवर फडकं टाकलं. कुणी काम घेऊन आलं तर म्हणायचा, हात दुखतो.

ईस्टरला ती आली. बरोबर एबो नावाचा मुलगा, बंदरावर नोकरीला, स्वभावाने गरीब. लग्न ठरलं म्हणून सांगायला आले होते. मी आनंदाने हात पसरून पुढे झाले आणि तशीच थांबले. आधी वाटलं उजेड पडलाय तोंडावर. उजेड नव्हता. पोरीचं तोंड पिवळट गोरं झालं होतं, मानेपर्यंत.

मी तिला बाजूला ओढलं. माझ्या जिभेला तेव्हा लगाम राहिला नाही. "लाज नाही वाटत? बापाने जन्मभर जो रंग शोधला तो तू खरवडून काढलास? कोण म्हणालं तुला? हा एबो म्हणाला? सांग, त्याला उकळत्या पाण्यात घालते!"

"एबो काही म्हणाला नाही, आंटी."

"मग?"

"जिथे जाईन तिथे मी दोन आहे. दुकानात, बसमध्ये, वर्गात. एक रडकी, एक हसरी. रोज बघते. एक दिवस वाटलं, हसरी होऊन बघावं." तिने माझा हात हातात घेतला. "तुम्ही रागावू नका. आता कुणी विचारत नाही, दोघींतली मी कुठली."

मला रागावताही येईना. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

मास्टरने तिला बघितलं. रंगाऱ्याला सांगायला लागत नाही, कुठला रंग कुठे गेला ते. त्याने एबोला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, त्याच्या घरच्यांची चौकशी केली. मग अराबा म्हणाली, "एग्या, मांडवाच्या दारावर आमचं दोघांचं चित्र हवंय. फोटो नको. तुम्ही काढलेलं हवं."

मला वाटलं, आता हा नाही म्हणेल. त्याने उठून कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं.

ती त्याच्या शेजारी बसली, शिकवायला बसायची तशीच. आधी त्याने एबोला काढलं, चटकन झाला. मग तिला. नाक, कान, खळी. त्याला तिच्याकडे बघावंही लागत नव्हतं. अंगाच्या रंगाशी आल्यावर त्याने पट्टीवर माऊस ठेवला आणि विचारलं, "हा?"

"अजून थोडा उजळ."

"हा?"

"अजून थोडा, एग्या."

"हा?"

"बस."

एवढं चाललं होतं तोवर मी दारातून बघत उभी होते, आणि मला वाटत होतं, याने एकदा तरी ओरडावं, एकदा तरी टेबलावर हात आपटावा. तो ओरडला नाही. कुठल्या तोंडाने ओरडणार होता तो? त्याने तिचं लग्नाचं कापड भरलं, गळ्यातले मणी भरले, केस भरले. फुलांचा गुच्छ धरलेले हात काढले. आणि तिथे तो अडला. तिचे खरे हात टेबलावर होते. त्याने त्या हातांकडे बघितलं.

"बोटांचे सांधे कुठल्या रंगाचे करू?" त्याने विचारलं. "ते अजून आधीसारखेच आहेत तुझे."

तो टोमणा नव्हता. मी त्याला ओळखते, त्याला टोमणा मारता येत नाही, तो फक्त मलाच मारायचा. तो खरोखर विचारत होता, पाटी रंगवताना गिऱ्हाइकाला विचारायचा तसा. अराबाने खाली बघितलं. हात आणि तोंड दोन वेगळ्या बायकांचे वाटत होते. क्रीम सांध्यांवर चालत नाही, हे तिला माहीत असणारच. तिने हात हळूच ओढून मांडीवरच्या कापडाखाली घेतले.

"हात नकोत, एग्या," ती म्हणाली. "हात काढूनच टाका."

त्याने हातांची काच शोधली आणि ते पुसून टाकायचं बटण दाबलं.

लग्नाच्या दिवशी चित्र मांडवाच्या दारावर होतं, माणसाहून उंच. सगळं केप कोस्ट आलं होतं. न्हावी आला, शिवणवाली आली, ज्यांनी मास्टरच्या पाट्या उतरवल्या ते सगळे आले आणि चित्रापुढे उभे राहून फोटो काढत होते. "मास्टर, हुबेहूब काढलीत हो लेकीला!" जो तो म्हणत होता. मास्टर नवा कोट घालून दारात उभा होता, येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होता. हात होते त्या जागी त्याने आणखी फुलं काढली होती, आणि फुलं फार छान आली होती.